मराई, रयत आणि पाणी : सौदी दुग्धव्यवसायाच्या परिभाषेची समीक्षा

उष्ण व कोरड्या देशात आधुनिक दुग्धव्यवसाय कसा उभा राहतो, या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्र, पशुवैद्यक आणि जलशास्त्र यांनी आपापल्या अंगाने पुष्कळ केलेला आहे. सौदी अरेबिया हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ज्या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही, ज्याच्या राजधानीत वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या देशात होल्स्टीन जातीच्या गाईंचे हजारोंचे कळप पाळले जातात आणि त्यांचे दूध शेजारच्या आखाती राज्यांतही विकले जाते. या घटनेचे वर्णन करणारे लेखन विपुल आहे. परंतु ज्या शब्दांत ते वर्णन होते त्या शब्दांची परीक्षा क्वचितच होते. ‘वाळवंटावर विजय’, ‘स्वयंपूर्णता’, ‘ताजे दूध’, ‘उत्पादन’ ही शब्दसंपदा अहवालातून जाहिरातीत आणि जाहिरातीतून पाठ्यपुस्तकात विनासायास जाते. हे शब्द खोटे आहेत असे नव्हे. त्यांनी काय सांगितले जाते आणि त्यांच्या आड काय राहते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभ नावापासूनच करणे सोयीचे ठरेल. या व्यवसायातील सर्वांत मोठी कंपनी ‘अल्-मराई’ ही होय. १९७७ मध्ये राजपुत्र सुलतान बिन मोहम्मद बिन सौद अल्-कबीर यांनी मॅकगकियन या आयरिश बंधूंच्या साहाय्याने ती स्थापन केली. अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंपासून बनतात. येथील धातू ‘र-ऐन-य’ हा असून ‘चारणे, राखणे’ हा त्याचा अर्थ आहे. ज्या जागी जनावरे चरतात ती ‘मर्आ’. तिचे अनेकवचन ‘मराई’, म्हणजे कुरणे. जो चारतो तो ‘राई’, म्हणजे गुराखी. आणि ज्यांना राखले जाते तो कळप म्हणजे ‘रइय्यत’. हा शेवटचा शब्द पुढे राजाने राखावयाची प्रजा या अर्थाने रूढ झाला, फारसीच्या वाटेने दख्खनेत आला, आणि आज मराठी माणूस ‘रयत’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाच्या पोटात एके काळी मेंढरे होती याची त्याला शंकाही येत नाही. कुरण, गुराखी आणि रयत ही त्रयी अशी एकाच धातूची अपत्ये आहेत. अल्-मराईच्या दुधामागे या तिघांपैकी कोणीही नाही, आणि तरी नाव मात्र तेथूनच घ्यावेसे वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. विशेषनाम अर्थ सांगत नाही, केवळ निर्देश करते, हे मत जॉन स्टुअर्ट मिलपासून तर्कशास्त्रात प्रतिष्ठित आहे. शनिवार पेठेत राहणाऱ्याला घरी जाताना शनिवार आठवत नाही. तसेच रियाधमधील गृहिणीला दुधाची बाटली घेताना गवत दिसत नसणार. हे मान्य केले पाहिजे. तथापि नाव घट्ट होण्यापूर्वी ते कोणीतरी निवडलेले असते, आणि निवडीच्या क्षणी त्याचा अर्थ जिवंत असतो. जाहिरातीतून कोणाची फसवणूक होते काय, हा येथील प्रश्न नव्हे. एखादा नवा उद्योग स्वतःला कोणत्या जुन्या वस्तूच्या नावाने ओळखू इच्छितो, आणि त्या जुन्या वस्तूचे दरम्यान काय झाले, हा आहे.

अरबस्तानात कुरणे नव्हती असे मात्र समजू नये. पाऊस कमी, परंतु पडेल तेथे उगवणारे गवत आणि झुडपे यांवर उंट, शेळ्या व मेंढ्या यांचे कळप शतकानुशतके जगत आले. या गवताच्या रक्षणाची एक जुनी व्यवस्था होती. तिला ‘हिमा’ म्हणतात. ठरावीक रान ठरावीक टोळीने वा गावाने राखून ठेवायचे, तेथे चराई केव्हा करायची, कोणत्या जनावराने करायची, दुष्काळात ते कोणासाठी उघडायचे, याचे दंडक असत. १९५३ च्या राजाज्ञेने टोळ्यांचे हे राखीव हक्क संपुष्टात आले आणि राने सर्वांना मोकळी झाली. सर्वांची झालेली राने कोणाचीच राहिली नाहीत. मोटारीतून पाणी व विकत घेतलेला चारा नेता येऊ लागल्यावर कळप वाढले आणि गवत मागे हटले. म्हणजे ज्या काळात ‘कुरणे’ हे नाव बाटलीवर जाण्याची तयारी होत होती, त्याच काळात कुरणे जमिनीवरून जात होती.

गुराख्याची कथाही याच जातीची आहे. रुब अल्-खाली या महावाळवंटाच्या कडेला हरद येथे राजे फैसल यांच्या नावाने एक मोठी वसाहत १९६० नंतरच्या दशकात आखली गेली. अल्-मुर्रा टोळीच्या भटक्या बदूंनी तेथे स्थायिक व्हावे, कालव्याच्या पाण्यावर शेती व पशुपालन करावे, असा हेतू होता. बदू शेतकरी झाले नाहीत. पुढे तेथील जमीन मोठ्या व्यापारी शेतीकडे गेली आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कृषिविकास कंपनीचा एक प्रमुख दुग्धप्रकल्प हरद येथेच उभा राहिला. ज्यांना स्थिर करण्यासाठी पाणी आणले ते फिरतेच राहिले, आणि पाण्यापाशी स्थिर झाल्या त्या परदेशी गाई.

पैशाच्या बाजूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ती सुपरिचित आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, सरकारने शेतीसाठी बिनव्याजी कर्जे आणि यंत्रसामग्रीवर भरघोस सूट दिली, आणि पाच-दहा वर्षांत अनेक दुग्धकंपन्या निघाल्या. त्यांतील बऱ्याच टिकल्या नाहीत. ज्या टिकल्या त्यांनी १९९० नंतरच्या दशकात विखुरलेले छोटे गोठे व कारखाने मोडून रियाधच्या दक्षिणेस अल्-खर्ज परिसरात मोठे एकत्रित प्रकल्प उभारले. त्यांपैकी एकाचे नाव ‘अस्-साफी’, म्हणजे निर्मळ. मराठीतला ‘साफ’ हा त्याचाच भाऊबंद. हा प्रकल्प ज्या उद्योगसमूहाने काढला त्याचे संस्थापक राजपुत्र अब्दुल्ला अल्-फैसल हे स्वतः कवी होते, आणि त्यांच्या कविता उम्म कुल्थूम या थोर गायिकेने गाइलेल्या आहेत. दुग्धव्यवसायाच्या इतिहासात कवी सहसा भेटत नाही, म्हणून हा उल्लेख. असो.

गोठ्यातील शास्त्र अधिक मनोरंजक आहे, आणि त्याविषयीचा एक गैरसमज केवळ शब्दामुळे टिकून आहे. ‘उष्ण देश’ या एका पदात दोन अगदी भिन्न हवामाने कोंबली जातात. होल्स्टीन गाईला साधारणतः ५ ते २५ अंश तापमान मानवते. भरपूर दूध देणारी गाय भरपूर खाते, रवंथ करते आणि त्या पचनक्रियेत तिच्या शरीरात भट्टीसारखी उष्णता निर्माण होते; बाहेरची हवा तापली की ती उष्णता टाकायला जागा राहत नाही. मग ती खाणे कमी करते, दूध आटते, गाभ राहत नाही. परंतु हवा कोरडी असेल तर एक उपाय चालतो. उंच छपराखाली पाण्याचा अतिसूक्ष्म तुषार आणि मोठे पंखे लावले की पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेते, आणि गोठ्यातील तापमान दहा-दहा अंशांनी उतरते. दमट हवेत हे साधत नाही. तेथे तुषार वाफ न होता अंगावर ओल होऊन राहतो. म्हणून अल्-खर्जच्या ४५ अंशांत जे शक्य झाले ते समुद्रकाठच्या ३५ अंशांत दुरापास्त ठरते. मराठीने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. कोकणात होतो तो उकाडा, आणि माणदेशात पडते ते रखरखीत ऊन. एकाच्या जागी दुसरा शब्द कोणी योजत नाही. हवामानाच्या अंकांत जे एका ‘उष्णते’खाली जाते ते येथील भाषेला दोन वाटते, आणि गाईलाही दोनच वाटते.

तेव्हा वाळवंट हा या उद्योगाचा शत्रू होता आणि त्याच्यावर विजय मिळवला गेला, हे वर्णन यथार्थ नाही. वाळवंटाचा कोरडेपणा हा या उद्योगाचा सोबती आहे. कोरड्या वातावरणात रोगजंतूंचा व गोचिडांचा उपद्रव कमी, चिखल नाही, गोठे स्वच्छ राहतात. तेथील गाई वर्षाकाठी दहा हजार लिटरहून अधिक दूध देतात, आणि ही सरासरी युरोपातील अनेक देशांना मागे टाकणारी आहे. शत्रुत्व उन्हाशी नाही. हिशेब पाण्याशी आहे, आणि तो ‘विजय’ या शब्दात मांडलाच जात नाही.

पाण्याकडे वळण्यापूर्वी दुधाच्या नावाचा विचार करणे अवश्य आहे. कारण तेथे एक मोठे स्थित्यंतर शब्दांतून स्पष्ट दिसते. अभिजात अरबीत दुधाला ‘लबन’ म्हणतात. कुराणात दुधासाठी आलेला शब्द हाच. इजिप्तमध्ये आजही लबन म्हणजे दूध. सौदी अरेबियात मात्र लबन म्हणजे ताकासारखे आंबट पेय, आणि दुधासाठी शब्द आहे ‘हलीब’. हलीब हा ‘दोहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. जे दोहले ते हलीब. संस्कृतात ‘दुह्’ धातूपासून दुग्ध आणि त्यापासून मराठी दूध झाले, तीच ही प्रक्रिया. मग मूळचा सामान्य शब्द आंबटाकडे का सरकला? वाळवंटात दूध ज्या रूपात प्रत्यक्ष भेटे ते रूप आंबवलेलेच होते, म्हणून, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. धारोष्ण दूध हा घटकेचा पदार्थ. त्यानंतर ते कातडी पिशवीत आंबणार, घुसळले जाणार, त्याचे तूप होणार, किंवा उन्हात वाळवून त्याचे टिकाऊ गोळे होणार. उष्ण प्रदेशांतील दुग्धसंस्कृती ही सर्वत्र रूपांतराची संस्कृती आहे. दही, ताक, लोणी, तूप हा मराठी घराचा क्रमही याच कुळातला. दूध टिकवणे म्हणजे त्याला बदलू देणे, हा तिचा सिद्धांत होता.

आधुनिक दुग्धव्यवसायाने हा सिद्धांत उलटा केला. दूध टिकवणे म्हणजे त्याला बदलू न देणे. त्यासाठी काढल्या क्षणापासून ते सुमारे ४ अंशांवर आणून, त्याच थंडीत कारखान्यात, मालमोटारीत, दुकानात आणि घरातल्या शीतकपाटात पोचवावे लागते. बाहेर पंचेचाळीस अंश असताना हजारो किलोमीटरच्या रस्त्यांवर ही थंडीची साखळी एकाही ठिकाणी तुटू न देणे हे या कंपन्यांचे खरे कर्तृत्व आहे, आणि ते गाईंच्या संख्येपेक्षा अधिक कौतुकास्पद आहे. बाटलीवर ‘ताजे’ या अर्थी ‘ताझज’ हा शब्द असतो. तो अरबी नव्हे. फारसी ‘ताजा’चे ते अरबीकरण होय, आणि मराठीतला ‘ताजा’ त्याच फारसीतून आलेला. दोन्ही भाषांत हा पाहुणा शब्द भाजी, मासळी, भाकरी यांच्याबरोबर सुखाने नांदत आला. परंतु कित्येक दिवसांपूर्वी काढलेल्या दुधाला तो लागू व्हावा हे अगदी अलीकडचे आहे. ‘ताजे’ म्हणजे आजचे, असे पूर्वी होते. आता ‘ताजे’ म्हणजे थंड. अर्थाचा हा पालट समजला म्हणजे या उद्योगाचा गाभा समजला: थंड देशातील गाय आणणे हा त्याचा अर्धा भाग, थंड देशातील हवा साठवून दुधाभोवती गुंडाळणे हा दुसरा.

आता ‘उत्पादन’. या शब्दाविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी शेतकरी दोन क्रियापदे काटेकोरपणे वेगळी ठेवतो: पिकवणे आणि उपसणे. धान्य पिकते, विहीर उपसली जाते. पिकवण्यात पुढच्या वर्षीची आशा असते. उपसण्यात तळ दिसण्याची शक्यता असते. सौदी अरेबियातील भूजलाचा फार मोठा भाग हजारो वर्षांपूर्वी, जेव्हा तेथे पाऊसमान चांगले होते तेव्हा, खोल वालुकाश्मांच्या थरांत साठलेला आहे. आजचा पाऊस त्यात नगण्य भर घालतो. असे पाणी वर काढून त्यावर लसूणघास वाढवायचा, तो गाईला घालायचा आणि सुमारे ८७ टक्के पाणीच असलेला पदार्थ बाटलीत भरायचा, या साखळीच्या शेवटच्या कडीला ‘उत्पादन’ म्हटले की पहिल्या कडीतला ‘उपसा’ दृष्टीआड होतो. खनिज तेलाच्या बाबतीत याच देशातील अर्थशास्त्रज्ञ साठा आणि उपसा हे शब्द डोळ्यांत तेल घालून वापरतात. पाण्याच्या बाबतीत ती परिभाषा यायला फार उशीर झाला.

तो उशीर गव्हात प्रथम दिसला. सरकारने बाजारापेक्षा कितीतरी चढा हमीभाव दिला आणि १९९२ च्या सुमारास गव्हाचे पीक चाळीस लाख टनांवर गेले. पाऊस नसलेला देश गव्हाच्या बड्या निर्यातदारांत मोजला जाऊ लागला. २००८ मध्ये ही खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय झाला व २०१६ मध्ये ती थांबली. पण शेतात पाणी फिरवणारी अवाढव्य वर्तुळाकार यंत्रे तशीच होती. अनेकांनी गव्हाच्या जागी चाऱ्याची पिके घेतली, आणि चारा गव्हाहून अधिक तहानलेला असतो. गहू एका हंगामाचा. लसूणघासाच्या मात्र वर्षातून आठ-दहा कापण्या. जे वाचवायचे होते ते अधिक वेगाने गेले.

अल्-खर्ज येथे हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसते. हा परिसर मुळात झऱ्यांसाठी प्रसिद्ध. चुनखडीच्या खोल विवरांतून भरलेले निळे डोह तेथे होते. १९४० नंतरच्या दशकात राजे इब्न सौद यांच्या सरकारने अमेरिकन तज्ज्ञ आणि तेलकंपनी यांच्या साहाय्याने याच डोहांवर पंप बसवून आधुनिक शेतीचा पहिला मोठा प्रयोग केला. पुढच्या सर्व दुग्धप्रकल्पांची ही पूर्वपीठिका. अरबीत झऱ्याला ‘ऐन’ म्हणतात, आणि ऐन म्हणजे डोळाही. मराठीत ‘ऐन उन्हाळ्यात’ म्हणताना येतो तो ‘ऐन’ याच शब्दाचा वंशज. अल्-खर्जचे ते डोळे आज कोरडे आहेत. विवरे उघडी आहेत आणि पाणी खाली, फार खाली गेलेले आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने हिरव्या चाऱ्याची लागवड तीन वर्षांत बंद करण्याचा निर्णय घेतला. उपशाची जाणीव अखेर धोरणात उतरली, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु गाई राहिल्याच. त्यांचा चारा बाहेरून येऊ लागला. अल्-मराईने त्याआधीच अर्जेंटिनात जमीन घेतली होती. २०१४ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात सुमारे ९,८०० एकर ४ कोटी ७५ लाख डॉलरला घेतले, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियात. अ‍ॅरिझोनाचा तो भागही वाळवंटच. फरक एवढाच की तेथील ग्रामीण भागात भूजल उपसण्यावर मर्यादा जवळजवळ नव्हती.

या ठिकाणी भाषेच्या अभ्यासकाला थांबावेच लागते. लसूणघासाला अमेरिकेत म्हणतात ‘अल्फाल्फा’. हा शब्द स्पॅनिश. स्पॅनिशमध्ये तो अंदलुसी अरबी ‘अल्-फस्फसा’ यावरून आला. आणि अरबीने तो जुन्या फारसीतील ‘अस्पस्त’, म्हणजे घोड्याचे खाद्य, यावरून घेतला. अरबांनी हे पीक व त्याचे नाव स्पेनला दिले, स्पॅनिशांनी ते दक्षिण अमेरिकेत नेले, तेथून एकोणिसाव्या शतकात ते कॅलिफोर्नियात पोचले. आता त्याच गवताचे दाबलेले गठ्ठे जहाजाने अरबस्तानात परत जातात. शब्दाचा प्रवास एका दिशेने हजार वर्षे चालला होता. गवताने परतीची वाट काही दशकांत पुरी केली. (मराठीतील ‘लसूणघास’ या नावाचा लसणाशी संबंध नसावा, ‘ल्यूसर्न’ या परकीय नावाला ओळखीचा पोशाख चढवून ते तयार झाले असावे असे दिसते.)

गवताबरोबर पाणीही गेले, असे म्हणण्यासाठी टोनी अ‍ॅलन या ब्रिटिश अभ्यासकाने १९९० नंतरच्या दशकात एक संज्ञा रूढ केली. तिच्या गौरवार्थ त्यांना २००८ चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. मराठीत तिचे भाषांतर ‘आभासी पाणी’ असे केले जाते. हे भाषांतर बदलण्याची गरज आहे. मूळ विशेषणाचा आशय ‘रूपाने नसले तरी परिणामाने असलेले’ असा आहे. ‘आभासी’चा आशय नेमका उलट, म्हणजे दिसणारे पण नसलेले. अ‍ॅरिझोनातील ज्या शेतकऱ्याच्या विहिरीची पातळी खाली गेली त्याच्या दृष्टीने ते पाणी आभास नव्हे. मराठीत ‘मुरलेले पाणी’ हा शब्द उपलब्ध आहे. पाणी कोठे मुरते आहे, हा प्रश्न मराठी माणूस व्यवहारात संशय आला की विचारतो. येथे तो वाच्यार्थानेही विचारता येतो.

टीकाकारांच्या शब्दांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. अमेरिकेत ‘सौदी कंपनीची पाणीचोरी’ अशी भाषा झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या राज्यपाल केटी हॉब्स यांनी या कंपनीचा बटलर खोऱ्यातील सरकारी जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला; डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिच्यावर खटला भरला. परंतु जमीन रीतसर घेतलेली होती, उपशाला कायद्याची आडकाठी नव्हती, आणि तसाच लसूणघास तेथील स्थानिक शेतकरीही पिकवून चीन व जपानला पाठवत आले आहेत. चोरी म्हणण्यासाठी आधी मालकी ठरलेली असावी लागते. पाण्याची मालकी ठरवली नव्हती, हाच तेथील मूळ दोष. ‘चोरी’ हा शब्द तो दोष परक्याच्या माथी मारून मोकळा होतो.

उरली ‘स्वयंपूर्णता’. अरबीत ‘अल्-इक्तिफा अज्-जाती’, शब्दशः स्वतःपुरते पुरणे. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत व ते समानार्थी नाहीत: स्वयंपूर्ण म्हणजे ज्याला बाहेरचे काही लागत नाही तो, स्वावलंबी म्हणजे ज्याला लागते पण जो स्वतःच्या बळावर मिळवतो तो. गाय युरोपची, चारा अमेरिकेचा, यंत्रे परदेशी आणि गोठ्यातील मजूर बहुतांशी दक्षिण आशियातील, अशा व्यवसायाला पहिला शब्द लागू पडत नाही. दुसरा कदाचित पडेल, कारण पैसा स्वतःचा आहे. तथापि या शब्दाची हेटाळणी करणे सोपे असले तरी त्यामागची भीती खरी आहे, हे कतारच्या उदाहरणाने सिद्ध केले. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबियासह शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली आणि ज्या सौदी दुधावर तो देश विसंबून होता ते एका रात्रीत थांबले. जुलैमध्ये १६५ गाईंची पहिली तुकडी विमानाने दोह्यास उतरली. ज्या कंपनीने त्या आणल्या तिचे नाव ‘बलदना’, म्हणजे ‘आपला देश’. काही काळातच ताज्या दुधाची देशाची गरज तेथेच भागू लागली. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली तरी गाई गेल्या नाहीत. अशा प्रसंगी घरच्या दुधाची किंमत पाण्याच्या हिशेबात बसवता येत नाही, हे मान्य करावे लागते. मात्र याच ‘आपल्या देशा’ने २०२४ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात दुधाच्या भुकटीचा अवाढव्य प्रकल्प उभारण्याचा करार केला. नावातील सर्वनाम कोणाचे, हे आता सांगणे कठीण आहे.

भारताशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती मर्यादित प्रमाणात उपयुक्तही आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या योजनेला येथे ‘दूध महापूर’ म्हटले गेले. तेथे दुधाला कुरणाचे नाव, येथे पाण्याचे. फरक एवढाच नाही. येथील दूध दोन-चार जनावरांच्या असंख्य मालकांकडून, बहुतांशी कडबा व पिकांचे अवशेष यांवर निघाले. म्हणजे रयत होती. सौदी दुग्धव्यवसायातील सर्वांत मोठी उणीव हीच, आणि ती पाण्याच्या उणिवेइतकी चर्चिली गेलेली नाही. त्या व्यवसायाने ग्राहक घडवला, तंत्रज्ञ आणले, भागधारक जमवले; ज्याच्या दारात गाय आहे असा माणूस त्यात कोठेही नाही. म्हणूनच चाऱ्याची लागवड एका आदेशाने बंद होऊ शकली. बनासकांठ्यात भूजल वर्षानुवर्षे खाली जाते आहे आणि तेथील सहकारी दूधसंघ देशातील मोठ्या संघांपैकी आहे; पण तेथे लसूणघास बंद करा असा आदेश निघणे अशक्य, कारण त्यावर लाखो घरे उभी आहेत. रयत असण्याची ही दुसरी बाजू. महाराष्ट्रात २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा छावणीतले जनावर हे सौदी गोठ्यातील गाईच्याच स्थितीत होते: रान नाही, पाणी टँकरचे, चारा दुसऱ्या जिल्ह्यातला. भेद असा की तिच्या दावणीशी तिचा मालक अंथरूण टाकून राहत होता.

अलीकडे सौदी राज्याच्या गुंतवणूक निधीने २०२३ मध्ये सांडणीच्या दुधासाठी एक नवी कंपनी काढली आहे. जनावर त्याच भूमीचे, उन्हाला सरावलेले, झुडपे खाणारे. कल्पना स्वागतार्ह आहे. तिच्या मालाचे नाव ‘नूग’, म्हणजे सांडण्या. कंपनीचे नाव ‘सवानी’. नज्दमध्ये पूर्वी विहिरीवर उंट जुंपून कातडी मोटेने पाणी काढीत. त्या मोटेच्या जनावरांना आणि त्या साऱ्या व्यवस्थेला सवानी म्हणत. उंट उताराने विहिरीपासून दूर चालत जाई, दोर ताणला जाई, मोट वर येऊन पाटात ओतली जाई आणि उंट मागे फिरे. दिवसभरात किती पाणी निघावे हे उंटाच्या दमावर ठरे. पंप आल्यावर सवानी बंद पडल्या आणि त्यांचे लाकडी खांब विहिरींच्या काठावर उभे राहिले.